धुतलेली वाळू

वकीलबाईंनी कोर्टाच्या व्हरांड्यातच फाइल उघडली आणि मधलं एक पान त्याच्यासमोर धरलं.

"काका, आज सगळं या एका कागदावर आहे. किनाऱ्यालगत बांधकामबंदीचा नियम वीस वर्षांपूर्वीचा. तुमचं घर त्याआधीचं ठरलं तर पाडायचा हुकूम थांबेल. नंतरचं ठरलं तर आठ दिवसांत मशीन दारात."

ते त्याच्या बायकोचं प्रतिज्ञापत्र होतं. 'बावीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले, तेव्हा हे घर आजच्यासारखंच उभं होतं.' खाली सही. उजव्या हाताला सलाइनची सुई होती म्हणून डाव्या हातानं केलेली. अक्षरं उतरत गेली होती.

"साहेब एवढंच विचारतील, सही त्यांचीच का. तुम्ही हो म्हणायचं." बाईंनी आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नका, पण गेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही. त्यांचं म्हणणं आता कुणी खोडून काढू शकत नाही."

फाइल त्याच्याकडे देऊन त्या आत गेल्या. बाकावर शेजारी त्याचा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ, गवंडी. त्यानं पान मागून घेतलं आणि ओळीखाली बोट फिरवत वाचलं.

"भावोजी, हे घर मी बांधलंय. सोळा वर्षं झाली. तुमची धाकटी लेक पाळण्यात होती."

"माहीत आहे."

"ताई समुद्राची वाळू पाटीनं विहिरीवर न्यायची आणि धुवायची. एकदा नाही, तीन पाण्यानं. मी म्हणायचो, अगं, भिंतीत घालायचीय, कुणाला जेवायला वाढायची नाही. तर म्हणायची, मीठ राहिलं की भिंत झडते, तू थापी मार गुपचूप." तो जरा हसला. मग थांबला. "सोळा पावसाळे झाले, एका भिंतीला लोणा नाही. आणि हिला घर आयतं मिळालं?"

दवाखान्यात तीही हेच बोलली होती. कागद वाचून म्हणाली, "म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा मीच तर. बरं. पेन द्या."

त्यानं पेन दिलं. कागद सरकू नये म्हणून एका बाजूनं धरूनही ठेवला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"कुणी सुचवलं हे?" मेहुण्यानं विचारलं.

"मीच."

मेहुण्यानं पान न दुमडता परत फाइलमध्ये सरकवलं. बराच वेळ तो नखातलं सिमेंट काढत बसला.

"आता हो म्हणून टाका," तो म्हणाला. "धाकटीला घेऊन कुठं जाल? ताई तरी दुसरं काय म्हणाली असती?"

शिपायानं पुकारा केला.

आत न्यायाधीशांनी पान उलटसुलट पाहिलं. "ही सही तुमच्या पत्नीची?"

"हो साहेब. सही तिची."

वकीलबाईंनी पुढचा कागद उचललाही होता.

"वाक्य माझं आहे," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून तिनं सही केली."

वकीलबाईंनी कागद हळूच खाली ठेवला. मागच्या बाकावर मेहुणा मान खाली घालून बसला होता.

"मग घर केव्हाचं?"

"सोळा वर्षांचं. भिंती तिच्या भावानं घातल्या. वाळू तिनं धुतली."

"याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो."

न्यायाधीशांनी टायपिस्टकडे पाहून सांगितलं, "घर सोळा वर्षांपूर्वी बांधल्याचे अर्जदार मान्य करतात." बटणं वाजली आणि थांबली. न्यायाधीशांनी पुढची फाइल ओढली. तो पिंजऱ्यात तसाच उभा होता.

"आणखी काही?"

"वाळूचं राहिलं," तो म्हणाला. "तीन पाण्यानं धुतली होती. तेही लिहा."