उजवा गाल

व्हँकूव्हरबाहेरच्या जंगलात आमचं शूटिंग चाललंय. भयपट आहे. लाकडी घरात अडकलेली बाई एकटीच जिवंत राहते आणि शेवटी मारेकऱ्याला कुऱ्हाडीने संपवते. बायकांना बळ देणारा सिनेमा, असं निर्माते भेटेल त्याला सांगत असतात. मी मेकअप करते. रोज सकाळी नायिकेच्या, म्हणजे टॅम्सिनच्या उजव्या गालावर मार खाल्ल्याचा काळानिळा वळ रंगवायचा, हे माझं पहिलं काम.

आज ती घरूनच तोंडाला जाड थर लावून आली.

"माझ्या पोटावर पाय आणतेस का गं?" असं म्हणत मी कापसाने तो पुसून काढला. डाव्या गालावर वळ होता. तो मी काढलेला नव्हता.

मी काही विचारणार तेवढ्यात ओडेट आत आली. आदल्या दिवशीच्या फोटोशी आजचा चेहरा जुळतोय ना, ते बघणं तिचं काम. तिने फोटो टॅम्सिनच्या तोंडाशेजारी धरला.

"डाव्यावर काय काढून ठेवलंयस? काल उजव्यावर होता. पटकन बदल बाई, बाहेर सगळे खोळंबलेत."

टॅम्सिनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "गाल चुकलाय," ती म्हणाली. "झाक तो."

मी डावा गाल झाकला आणि उजवा रंगवला. ओडेटने फोटो पुन्हा शेजारी धरला.

"आता कसं," ती म्हणाली, "आता खरा वाटतो."