हँडलवरचं चार्जिंग

"टाकी उतरवा, काय हवं ते करा, पण फोनचं चार्जिंग बसवल्याशिवाय आज मी इथून हलणार नाही," तिने मेकॅनिकला बजावलं.

नवरा मोटरसायकलला टेकून हसत होता. "बसवा हो. हिच्यापुढे माझं काय चालतंय?"

पाण्याचे पंप दुरुस्त करत तो दिवसभर वणवण फिरायचा. नकाशा बघून बघून दुपारपर्यंत फोन मान टाकायचा आणि इकडे घरी हिचा जीव टांगणीला. लावावा तेव्हा फोन बंद!

मेकॅनिकने सीट काढली. नवरा समोरच्या दुकानात वायर आणायला गेला.

"वहिनी, एवढी काळजी?"

"अहो दादा, परवा फोन बंद, आणि हे भरदुपारी अचानक दारात उभे! कुठे आहेत, कधी येणार, एवढं कळलं की झालं."

"नशीबवान आहे गडी." मेकॅनिकने आवाज खाली केला. "आणि त्याचा वडिलांशी अजून अबोलाच?"

"नाव काढलं तरी भरल्या ताटावरून उठतात. त्यांना उंबरठा चढू देणार नाही म्हणतात."

"बापासारखाच हट्टी!" मेकॅनिक पुटपुटला आणि नवरा आला तशी वायर जोडायला लागला.

चावी फिरवली. हँडलवर निळा दिवा लागला आणि फोन चार्ज व्हायला लागला. तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका. "दादा, उपकार झाले तुमचे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अहो, कुठे आहात?"

"नदीपलीकडे. दोन पंप अजून उघडायचेत, अंधार पडेल बघ. काही हवंय का?"

"काही नको. निघताना तेवढा फोन करा. आणि सावकाश या."

"मिटला ना आता तुझ्या जिवाचा घोर?"

"मिटला हो. अगदी मिटला."

फोन ठेवून तिने सुटकेचा श्वास टाकला. किती महिन्यांनी अशी निवांत दुपार मिळाली होती! पदराला हात पुसत ती आतल्या खोलीत गेली.

"मामंजी, आज चपला हातात धरून बसू नका," ती म्हणाली. "नातीला घ्या मांडीवर. तुमचा लेक अंधार पडेपर्यंत येत नाही."