सात नंबर

सात नंबरची तार मेली होती, आणि पाइप गोठला नव्हता.

आभाने पॅनलला तिसऱ्यांदा मीटर लावून पाहिला. करंट शून्य. वर शीतगृहात मासळी उणे बावीसवर होती. त्या फरशीखाली कमरेइतकी उंच, अंधारी पोकळी होती. वितळलेलं पाणी वाहून नेणारे बारा पाइप तिच्यातून जात. ते गोठू नयेत म्हणून प्रत्येकाला गरम तार गुंडाळलेली होती. अकरा पाइप आठ अंशांवर होते. सातवा उणे तीनवर जायला हवा होता. तो दोन महिने चारवर होता.

हिशेब साधा होता. तिथे कुठून तरी शंभरेक वॅट उष्णता येत होती.

"सेन्सर बिघडलाय, मॅडम," तिचा मदतनीस तय्यब म्हणाला. "सही करून टाका. वेल्डिंगला गुणवंत कधीचा खोळंबलाय."

दोन हजार नऊचा फेब्रुवारी होता. दुबईत अर्धवट इमारती सोडून कंपन्या निघून चालल्या होत्या आणि रिकाम्या साइटवरून तांब्याच्या तारा चोरीला जात होत्या. मालकांचा हुकूम आला होता: पोकळीचं झाकण वेल्ड करा, यापुढे लक्ष फक्त स्क्रीनवरून.

खाली उतरायला आता माणूसही नव्हता. ते काम खैरुद्दीनचाचांचं. डिसेंबरात अकरा जणांना काढलं, त्यात चाचा गेले. व्हिसा कॅन्सल झाला. करामा भागातल्या हॉटेलात बिर्याणी खाऊन सगळ्यांनी त्यांना रत्नागिरीला निरोप दिला. रजिस्टरमधली शेवटची नोंद त्यांचीच होती: '७ नंबर बंद. स्पेअर येईपर्यंत लक्ष ठेवतो.' स्पेअर मागवायचं मग राहूनच गेलं.

"झाकणाची कडी तर घासून चकचकीत झालीय," गुणवंत दारातून म्हणाला. "जातं का कुणी आत?"

"भूत जातं, बर्फाचं!" तय्यब हसला. "यल्ला, घे उरकून."

आभाने झाकण बंद करायच्या कागदावर सही केली. गुणवंत मागच्या बाजूला गेला.

पण तो चार अंशांचा आकडा तिला सोडवेना. तिने सात नंबरचा दोन महिन्यांचा आलेख स्क्रीनवर उघडला. रेषेत खाचा होत्या. रोज पाच. प्रत्येक खाच जेमतेम दहा मिनिटांची. इतके दिवस ती त्यांना डीफ्रॉस्ट, म्हणजे यंत्राची बर्फ वितळवायची फेरी, समजत होती. पण डीफ्रॉस्ट घड्याळाला बांधलेलं असतं. या खाचा सरकत होत्या. संध्याकाळची खाच डिसेंबरात साडेपाचला होती, आता सहा वाजून दहा मिनिटांनी. यंत्र असं सरकत नाही.

शेजारच्या मशिदीतून दुपारची बांग आली. तय्यब हातपाय धुऊन आला आणि त्याने कोपऱ्यात चटई अंथरली. बाहेर वेल्डिंग चरचरू लागलं.

स्क्रीनवर सात नंबर खाली आला. तीन पूर्णांक नऊ. तय्यब कमरेत वाकला. तीन पूर्णांक आठ. त्याने कपाळ टेकलं. तीन पूर्णांक सात. आभा एकदा त्याच्याकडे बघत होती, एकदा रेषेकडे. तय्यबने मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे, आणि चटई गुंडाळली.

रेषा थांबली. मग हळूहळू वर चढू लागली.

स्वस्थ पडून राहिलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. हे तिने कॉलेजात पाठ केलं होतं.

"गुणवंत, थांब!" ती धावत सुटली. "बंद कर ते!"

झाकणाच्या तीन बाजू जोडून झाल्या होत्या. गुणवंतने ग्राइंडर उचलला. धापा टाकत मागून आलेला तय्यब नुसता बघत राहिला. झाकण उघडायला वीस मिनिटं लागली. आतून गार हवा आली, आणि तिच्यात साबणाचा वास होता.

आभा गुडघ्यांवर बसली. "कोण आहे?"

पाइपातून पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

"चाचा?" तय्यबने हाक मारली.

अंधारात काहीतरी सरकलं. मग ड्यूटीवर असतानाच्या त्याच अदबीच्या सुरात कुणीतरी विचारलं,

"मॅडम, स्पेअर आला का?"