दोन किलोमीटरची आडवाट
साहेब, खुर्चीवरून न उठता तुम्ही माझ्या लेकीचा बसचा अर्ज फेटाळलात. ‘आडवाटेने शाळा दोनच किलोमीटर, बसची गरज नाही,’ असा शेरा मारलात. गाडीरस्त्याने तीच शाळा नऊ किलोमीटर भरते. आज तुम्हाला त्याच वाटेच्या तोंडाशी आणलं. खालचा कडा बघताच तुम्ही झाड पकडलंत. “दप्तराला दोरी कशाला?” विचारलंत. “काका, आधी दप्तर दोरीने खाली सोडायचं, मग आपण उतरायचं,” लेक म्हणाली. “तोंड डोंगराकडे ठेवा, नाहीतर गरगरतं. घाबरू नका, मी खालून तुमचा पाय दगडावर ठेवीन.” “उतरा की साहेब,” मी म्हटलं, “दोनच तर किलोमीटर!” तुम्ही रुमालाने मान पुसलीत. “बाई, माझं वय बघा. मी गाडीने येतो.” मी गाडीच्या दाराला पाठ लावली आणि अर्ज पुढे धरला. “हिचं वय आठ. हिच्यामागून उतरा, नाहीतर सही करा. काय करताय, बोला!”