धुतलेली वार

गोठेवाल्याने बादली टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं उचललं. आत पहाटे गाभडलेल्या गाईची, मेल्या वासरामागून पडलेली वार होती, रक्ताचा थेंबही नसलेली.

"तुमच्या हापिसात घाण कशाला आणायची, म्हणून चांगली खळखळून धुतली," तो म्हणाला. स्वच्छतेचं त्याला भारी वेड. गोठ्यात शेणाचा एक पो राहिला तरी सुनेची खैर नसायची.

डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले, एक तुकडा कापला, काचपट्टीवर घासून रंग दिला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहत राहिल्या.

"एक टोक तेवढं खराब झालंय," तो म्हणाला. "बाकी सगळी चांगली आहे. सूज नाही की पू नाही."

"मी चांगलाच तुकडा घेतलाय, काका. जंतूंनी नुसता भरलाय." बाई बाजूला झाल्या. "सुरुवातीला असंच असतं. जंतू आत शिरतात, वाढतात, आणि वार ब्रसुद्धा काढत नाही. ती सुजायला लागते तोवर वासरू हातचं गेलेलं असतं."

त्याने डोळा लावला. निळ्यावर तिखट सांडल्यासारखे लाल ठिपके दिसले.

"गेलं ते गेलं," तो म्हणाला. "बाकीच्या सहा गाभण आहेत, त्यांचं काय ते सांगा. ही महिनाभर वेगळ्या दावणीला होती. चारा वेगळा, पाण्याची पाटीसुद्धा वेगळी."

बाईंना सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. "मग वाचतील. या वारेचा अंशही त्यांच्या तोंडात जाता कामा नये, एवढं सांभाळा."

तो हसला. बाईंची नजर पुन्हा बादलीत गेली.

"काका, ही धुतली कुठे?"

"हौदात. एवढं पाणी दुसरीकडे कुठे..."

त्याची नजर घड्याळाकडे गेली. भिंतीवर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाराच्या ठोक्याला सून गाई हौदावर सोडायची, आणि घर इथून दोन तासांवर.

त्याने फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

"उचलणार नाही ती. गाईंना पाणी दाखवताना फोन घरात ठेवायचा, मीच शिस्त लावलीय."

तरी त्याने पुन्हा लावला. फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने तो बादलीवरचं फडकं नीट करत राहिला.