नाण्यावरचा हात

धाकटीने मखमली डबी टेबलावर ठेवली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

डबीत चांदीचं नाणं होतं. रिले शर्यत जिंकली त्याची आठवण म्हणून टाकसाळीने काढलेलं, खास संग्राहकांसाठी. धावल्या होत्या चौघी. मागे पडलेली शर्यत थोरलीने तिसऱ्या टप्प्यात खेचून आणली. फीत मात्र लागली धाकटीच्या छातीला. तेव्हापासून हार धाकटीला, सत्कार धाकटीचे, आणि आता नाण्यावरही तीच. केस उडताहेत, मान ताठ, जशी काही महाराणीच!

"छान आलीयेस हो," थोरली म्हणाली. म्हणताना तिचा जबडा दुखला.

"अगं, तूपण आहेस! हे बघ." धाकटीने भिंग पुढे केलं.

नाण्याच्या काठाला एक हात होता. नुसता हात, मनगटापर्यंतच. धाकटीला बॅटन देणारा.

थोरली भिंगावर वाकली. एवढासा का होईना, पण तीही होती. इतक्या वर्षांची जळजळ जरा निवल्यासारखी झाली. तिची नजर त्या हातावरून हलेना.

"करंगळी सरळ काढलीय गं," ती हळूच म्हणाली. "माझी सरावात मोडली होती ना, ती वाकडीच बसली."

"ताई, तो हात माझाच आहे!" धाकटी खळखळून हसली. "फोटोत तुझा हात अगदीच धूसर आला होता. टाकसाळीतले शिल्पकार म्हणाले, मग तोही तुमचाच घेतो. बॅटन पुढे धरून उभी राहिले, खांदा नुसता भरून आला!"

थोरलीने मान डोलावली. मग नाण्यावरचं प्लास्टिकचं झाकण नखाने उचकटलं.

"ताई, हात नका लावू!" धाकटीचा नवरा खुर्चीतून उठलाच. नाणी जमवायचं वेड त्याचं. "आरशासारखं पॉलिश असतं त्याला. बोट लागलं की डाग पडतो, आणि तो काही केल्या जात नाही."

"हो का?" थोरलीने विचारलं. मग तिने नाण्यावरच्या धाकटीच्या चेहऱ्यावर अंगठा टेकवला आणि चांगला दाबून धरला.