दोघींची मशीन

"आधी सुई काढ," कुंताबाई म्हणाली. "नाही तं बोटात घुसन."

गोदावरीनं मशीनचं बटण बंद केलं, वायर उपसली, स्क्रू सैल केला आणि सुई काढून वाटीत ठेवली. कूलरचा वारा दोघींच्या मधून जात होता, तरी घाम थांबत नव्हता. मे महिन्याच्या दुपारी अड्याळचा बाजाररस्ता चिडीचूप होता.

मशीन काल भंडाऱ्याहून टेम्पोतून आली होती. तिथलं एक शिवणकेंद्र बंद पडलं, त्यातली ही जुनी पॉवर मशीन. तिथं चालवून पाहिली तेव्हा भर्रकन चालली. इथं आणून मांडली, तर थोडी घरघरली आणि चाक जागच्या जागी अडलं. कुंताबाईनं शाळेच्या गणवेशांचं काम शब्द देऊन घेतलं होतं. पायाच्या मशीनवर ते शाळा उघडायच्या आत होणार नव्हतं. या मशीनपायी दोघींनी आपापली मंगळसूत्रं सोनाराकडे नेऊन मोडली होती.

"फसवलं वाट्टे त्यानं आपल्याले," गोदावरी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"अजून उघडून तं पाहू दे. आधीच काहून रडून राहिली?"

दोघींनी जोर लावून मशीनचं डोकं मागं कलतं केलं. खालच्या टाकीत काळंकुट्ट तेल साचलं होतं. गोदावरी ते चिंधीनं टिपू लागली. कुंताबाईनं सुईखालची पट्टी काढली. कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांच्या फटींत मळाची जाड गादी बसली होती. दात घासायचा जुना ब्रश घासलेटात बुडवून ती घासायला बसली. मनातून तिला हे काम आवडत होतं. एवढी मोठी मशीन आपल्या हाताखाली कधी येईल, असं तिला वाटलं नव्हतं.

पोरगी अजून पाळण्यात होती तेव्हा कुंताबाईचा नवरा घर सोडून गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती बसस्टँडमागच्या या खोलीत ब्लाउज, परकर, पिशव्या, जे येईल ते शिवत आली. पोरीचं लग्नही तिनं शिवणावरच केलं.

गोदावरी पवनीची. तिचा नवरा लांबलेल्या दुखण्यानं गेल्या हिवाळ्यात वारला. मूलबाळ नव्हतं. तेरवी आटोपल्यावर ती एसटीनं अड्याळला आली आणि या दारात उभी राहिली.

"मले काज-बटन येते. काही काम असन तं द्या."

कुंताबाईनं तिला पाणीही विचारलं नव्हतं. शिवणावरून मान वर न करता नाही म्हणाली. गोदावरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्याच्या पुढच्या दिवशीही आली आणि पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी कुंताबाईनं एक ब्लाउज तिच्या मांडीवर टाकला. काजं बारीक आणि नेटकी निघाली. मग रोजचंच झालं. पुढं पुढं शेवटची एसटी चुकायला लागली आणि खोलीत दुसरं अंथरूण पडू लागलं.

"शेवटी त्याइच्या घशाखाली काहीच उतरत नव्हतं," चिंधी पिळता पिळता गोदावरी बोलली. नवऱ्याबद्दल ती कधी कधी अशीच मधूनच बोलायची. "आंबाडीची भाजी तेवढी मागत."

"तिखट?"

"लय तिखट."

कुंताबाईनं ब्रश पुन्हा घासलेटात बुडवला.

"करून देत होती ना?"

"देत होती."

"बरं केलं."

दाते चकचकीत झाले, तरी चाक हलेना. गोदावरी मोबाईलचा उजेड पाडून आत वाकली.

"कुंताबाई, इकडं पाहा. बॉबिनच्या हुकामागं काहीतरी आहे."

जुन्या तेलात डिंकासारखा घट्ट झालेला धाग्याचा गुंडा होता. गोदावरीनं चिमट्यानं तो थोडा थोडा करून उपसला. शेवटचा धागा सुटला तसं कुंताबाईनं चाकाला हात लावला. चाक लोण्यासारखं फिरलं.

"फिरलं वं!"

दोघी लहान पोरींसारख्या हसल्या. टाकीत खुणेपर्यंत पांढरं तेल ओतलं, डोकं जागेवर बसवलं, सुई लावली. धागा न ओवता, कापड दाबणारा फूट वर उचलून कुंताबाईनं मशीन हळू चालवली. वरच्या गोल काचेत तेलाचे थेंब उडायला लागले; तेल वर चढत होतं. मग गोदावरीनं धागा ओवला, आणि चिंधीवरून सरळ, एकसारखी टीप धावत गेली.

तेवढ्यात दाराशी स्कूटी थांबली. शाळेत नव्यानंच बदलून आलेल्या कामिनी मॅडम गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे घेऊन आल्या होत्या. गोदावरीनं त्यांना माठातलं पाणी दिलं. मॅडमनी चिंधीवरची टीप निरखून पाहिली.

"छान चालते की हो मशीन! मला उगाच काळजी वाटत होती."

पाणी पिता पिता त्या दोघींकडे पाहत राहिल्या. एकीच्या गालाला लागलेलं तेल दुसरी पदरानं पुसत होती.

"सख्ख्या बहिणी का हो तुम्ही?"

गोदावरीचा हात तिथंच थांबला. तिनं मान खाली घातली.

कुंताबाईनं चिंधीचा धागा दातानं तोडला आणि हसून म्हणाली, "नाही मॅडम. सवत आहे माही."